कूप सात, झाड एकशे चौदा

धाकू चेंदणीच्या बंदरावर होड्या बांधायचा. त्याच्या आधी त्याचा बाप बांधायचा. कारखाना म्हणावा असं तिथे काही नव्हतं. चार खांब, वर पत्रे, खाली वाळून दगडासारखा झालेला चिखल, आणि मोठी भरती आली की शेवटच्या खांबापर्यंत पोचणारं खाडीचं काळपट पाणी. त्या पत्र्यांखाली पस्तीस वर्षांत साठ-पासष्ट होड्या उभ्या राहिल्या आणि एकेक करून पाण्यात गेल्या. नक्की आकडा विचारला तर धाकूला सांगता यायचा नाही. कुठली होडी कुठल्या लाकडाची, हे मात्र त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं.

बुटका, रुंद खांद्यांचा माणूस. डाव्या अंगठ्याला नख नव्हतं, तासताना ते कधीच गेलं होतं. बोलणं कमी. नवा ओंडका आला की तो आधी वाकून वास घ्यायचा, मग ओंडक्याच्या तोंडाशी उकिडवा बसायचा आणि शिक्का शोधायचा.

सरकारी जंगलात तोडीसाठी आखून दिलेल्या तुकड्याला कूप म्हणतात. कुपातलं कुठलं झाड पडायचं आणि कुठलं राहायचं हे आधी ठरतं. पडणाऱ्या झाडाला नंबर मिळतो. झाड पडलं की ओंडक्याच्या तोंडावर वनखात्याची लोखंडी हातोडी बसते आणि लाकडात अक्षरं उमटतात. तीच अक्षरं, तोच नंबर मागे राहिलेल्या खुंटावरही उमटवतात. एक खूण गावाकडे जाते, एक डोंगरात राहते. सोबत वाहतुकीचा पास. धाकूला लिहायला फारसं येत नव्हतं, पण ही अक्षरं तो बोटाने वाचायचा. शिक्का नसेल तर तो उठून हात झटकायचा आणि ट्रकवाल्याला म्हणायचा, "परत ने."

यावरून बंदरावर त्याची बरीच थट्टा चालायची. एकदा जाळी विणत बसलेल्या एकाने मोठ्याने विचारलं, "धाकूदादा, बायको करताना शिक्का बगितलेला का रं?"

मनुबाई, धाकूची बायको, मागेच कोलंबी सोलत होती. तिने मान वर न करता सांगितलं, "हाय की. कपालावर हाय. तुजे डोले मासल्यांनी खाल्ले काय?"

हा नियम त्याला बापाकडून मिळाला नव्हता. १९६९ साली, चौतिशीत असताना, त्याने एक ओंडका बिनशिक्क्याचा घेतला होता. तो रेतीच्या ट्रकमधून आला, रेतीखाली झाकलेला. त्याची होडी केली. चोरीचं लाकूड आहे, काहीतरी होईल, फळी फुटेल, कुणी बुडेल, असं त्याला वाटत राहिलं. काहीच झालं नाही. ती होडी अकरा वर्षं इतर होड्यांसारखीच चालली. चोरीचं लाकूड तितकंच तरंगतं. हे कळल्यावर त्याला भीती वाटली.

पुढच्या वर्षी तो लाकूड बघायला मुरबाडच्या वरच्या अंगाला गेला. तिथल्या जंगल कामगार सोसायटीचा मुकादम विश्राम हा ठाकूर आदिवासी माणूस त्याला एका उतारावर घेऊन गेला. उतारावर सागाचे खुंट होते, कमरेएवढे उंच.

"हे कमरेवर का तोडलं?" धाकूने विचारलं.

"घाईत असत्यात. वाकायला येळ कुठं? चोर उभ्यानं तोडतो," विश्राम म्हणाला. "असा तोडलेला साग वाळतो, किडतो. जमिनीबरोबर तोडला तर खुंट परत फुटतो. आमी कूप तोडला तर चाळीस वर्सांनी परत त्याच कुपात येऊ. माझा नातू येईल. शंभर घरांची मजुरी हाय ती. ह्यांनी तोडला तिथं कुनीच येनार नाय."

उताराखालचा झरा आटला होता. विश्रामची बायको तुळसा दोन टेकड्या ओलांडून पाणी आणत होती. तिने त्यातलंच पाणी धाकूला तांब्याभर दिलं. धाकू ते उभ्याने प्यायला आणि तांब्या परत करताना त्याला तिच्याकडे बघता आलं नाही. नियम तेव्हापासूनचा.

बापाकडून आलेली गोष्ट दुसरी होती. होडीच्या तळाशी जे लांब, सरळ लाकूड असतं, ज्यावर सगळी होडी उभी राहते, त्याला बंदरावर पठाण म्हणतात. पठाण मांडायच्या दिवशी त्याचं बुंध्याकडचं टोक हातभर कापायचं. ज्या टोकाला जमिनीवरच्या लोखंडाचा पहिला घाव बसला ते टोक पाण्यात जाऊ द्यायचं नाही. ते चुलीत घालायचं, त्यावर भात शिजवायचा, आणि तो भात होडीच्या मालकाने, बांधणाऱ्याने आणि दोघांच्या घरच्यांनी खायचा. कुऱ्हाडीचा घाव त्या टोकालाच असायचा. पुढे हातोडीचा शिक्काही त्याच टोकाला बसू लागला. धाकू प्रत्येक वेळी शिक्का शोधायचा, बोटाने वाचायचा, मान डोलवायचा आणि महिन्याभरात तोच शिक्का स्वतःच्या हाताने कापून चुलीत घालायचा. यात काही चुकतंय असं त्याला कधी वाटलं नाही. त्याने बघितला होता, तेवढं पुरे होतं.

१९८७ च्या मार्चमध्ये त्याने सगुणाच्या होडीसाठी पठाण आणला. सगुणा विधवा होती. तिची जुनी होडी इतकी कुजली होती की दोघा मुलग्यांपैकी आळीपाळीने एक जाळं टाकायचा आणि एक पाणी उपसायचा. नारळी पौर्णिमेला नवी होडी पाण्यात गेली तर घर चालणार होतं. पठाण मांडला, टोक कापलं, भात शिजला. सगुणा जेवताना म्हणाली, "दादा, लाकूर गोड हाय. भाताला वास लागलाय."

त्यानंतर तीन आठवड्यांनी बंदरावर जीप आली.

जीपमधून उतरलेल्या वनपालाचं नाव हरिहर सामंत. चाळिशीचा, जाड चष्म्याचा, नुकताच बदलून आलेला माणूस. त्या महिन्यात खाडीच्या पलीकडे एका होडीत चोरीचं लाकूड सापडलं होतं आणि आता सगळी बंदरं तपासायचं काम त्यांच्याकडे होतं. ते पठाणाभोवती एकदा फिरले.

"हा नग कुठला?"

"मुरबाडचा. कूप सात, झाड एकशे चौदा. पास हाय."

धाकूने पत्र्याच्या पेटीतून पास आणला. सामंतांनी वाचला. टेप काढून पठाण मोजला.

"पासवर आठ मीटर आहे. हे साडेसात."

"टोक कापलं साहेब."

"शिक्का?"

"टोकालाच व्हता."

"मग टोक दाखवा."

मनुबाई पदर खोचून पुढे आली. "जाललं. भात शिजवला तेच्यावर. तुमी मागच्या महिन्यात आला असता तर तुमच्याबी पानात वाढला असता."

जमलेले लोक हसले. सामंत हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"बाई, एका पासवर चार वेळा माल गेलेला मी गेल्याच महिन्यात पकडलाय. कागद तोच, लाकूड वेगळं. मला रोज कोणीतरी सांगतं की शिक्का होता. कोणाचा पावसात गेला, कोणाचा वाळवीने खाल्ला. जाळून भात शिजवला हे आजच ऐकतोय."

"खोटं नाय बोलत मी," धाकू म्हणाला.

"तुमच्या तोंडावर ते लिहिलेलं नाही ना."

त्यांचं बोलणं उर्मट नव्हतं, आणि तेच धाकूला जास्त लागलं. पंचनामा झाला. पठाणावर लाल रंगाची फुली मारली गेली. लाकूड जागेवरच ठेवायचं, धाकूने त्याला हात लावायचा नाही. कागद वर जातील, चौकशी होईल, दोन-तीन महिने. चोरीचं ठरलं तर लाकूड सरकारजमा.

"शिक्का दाखवा, आजच्या आज सोडतो," सामंत जीपमध्ये बसताना म्हणाले.

उघड्या पठाणाला रोज माशाचं तेल लावावं लागतं, ओली पोती टाकावी लागतात. नाहीतर एप्रिलच्या वाऱ्याने लाकूड तडकतं. धाकू दोन हातांच्या अंतरावर बसून ते लाकूड बघत राहायचा. सगुणा रोज टोपली घेऊन बाजाराला जाताना थांबायची. एक दिवस बोलली.

"दादा, तू तर बाकीच्यांचं लाकूर परत पाठवायचास. आता लोक काय म्हनतात ठावं हाय?"

"ठावं हाय."

"म्हनतात, धाकूचा शिक्का धाकूच्या पोटात हाय."

तिला हसू आलं, आणि मग रडू. धाकूला दोन्ही बघवलं नाही. होडी गेली तर सगुणाचं घर बुडणार होतं. आणि ती ज्या माणसाच्या शब्दावर विसंबली होती तो सतरा-अठरा वर्षं लोकांचे ट्रक परत पाठवून स्वतः चोरीच्या लाकडावर बसला होता, असं कायमचं ठरणार होतं.

सगुणाचा भाऊ मोरू वागळे इस्टेटला एका वर्कशॉपमध्ये लोखंडी साचे, डाय बनवायच्या कामाला होता. तिशीतला, हुशार, केसांना तेल लावून भांग पाडणारा. आठव्या दिवशी संध्याकाळी तो सायकलवरून आला आणि रुमालात गुंडाळलेली एक वस्तू धाकूपुढे ठेवली. हातोडीचं डोकं. नवं, चकाकतं, तोंडावर उलटी अक्षरं कोरलेली.

"लंच टाइममध्ये बनवली," मोरू म्हणाला. "पासवर अक्षरं होती ना, बघून घेतलेली मी. एकशे चौदाचा पंच पण आणलाय. दोन ठोके मार दादा. साहेबाला सांग, दुसऱ्या टोकाला पण शिक्का होता, चिखलात दिसला नाही."

धाकूने ते डोकं हातात घेतलं. बाजूला पडलेल्या सागाच्या तुकड्यावर ठेवून वरून दगडाने एक ठोका मारला. अक्षरं उमटली. त्याने बोटाने वाचून पाहिली. बरोबर तशीच होती, सरकारी हातोडीपेक्षा थोडी सुबकच.

"झकास ना?" मोरूने विचारलं.

"झकास."

"मग?"

"हे लाकूड खरं हाय, मोरू."

"म्हणून तर! खऱ्यावर मारतोय ना. कुठे चोरी करतोय आपण?"

त्याने शिक्का उमटलेला तुकडा लाकूड तासायच्या वाकसाच्या दोन घावांत फोडून टाकला. मग म्हणाला, "आज खऱ्यावर मारला तर उद्या कुनीतरी खोट्यावर मारायला ही मागेल. मी देनार नाय, मग तू दुसरी बनवशील. मग शिक्का बगून मला काय कलनार? माझं बोट काय वाचनार?"

"फिलॉसॉफी नको रे दादा. ताईची होडी वाचव."

"वाचवतो. थांब जरा."

हातोडीचं डोकं त्याने मोरूला परत दिलं नाही. रुमालासकट हत्यारांच्या पेटीत तळाशी ठेवलं.

वाचवायचं कसं, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. पण त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी भर दुपारी, पठाणाच्या कापलेल्या तोंडासमोर बसला असताना त्याच्या लक्षात आलं की तो इतके दिवस त्याच गोष्टीकडे बघतोय. तोंडावर दोन काळे डाग होते, गाभ्यापासून थोड्या अंतरावर एक आणि त्याच्या बाहेर दुसरा. दोन्ही कोयत्याच्या पात्यासारखे वाकलेले. वणव्याचे चटके. झाड कोवळं असताना एका बाजूने भाजलं, मग त्या जखमेवरून नवं लाकूड चढलं, मग काही वर्षांनी पुन्हा भाजलं. असा चटका खोडात उभा जातो. तोंडावर आहे तर खाली खुंटातही असणार. आणि दोन चटक्यांमध्ये जितकी वर्षं गेली तितकी वलयं, वर पाहा किंवा खाली पाहा, सारखीच भरणार.

होडीच्या फासळ्या कापताना धाकू पत्र्याचा किंवा कागदाचा फर्मा करायचा. तसाच फर्मा आता या तोंडाचा हवा होता. पण हात लावायची बंदी होती. त्याने मनुबाईला हाक मारली. तिने जाड कागद तोंडावर दाबून धरला आणि कोळशाने हळूहळू घासला. डाग उतरले, वलयं उतरली.

तो कागद घेऊन धाकू सामंतांच्या कचेरीत गेला. पहिल्या दिवशी ते भेटले नाहीत. दुसऱ्या दिवशी भेटले आणि बाहेर निघून गेले. तिसऱ्या दिवशी त्यांनी कागद टेबलावर पसरून बघितला.

"तुम्हाला हात लावायचा नाही असं सांगितलं होतं."

"मी नाय लावला साहेब. बायकोने लावला. तिचं नाव पंचनाम्यात नाय."

सामंतांच्या ओठाचा कोपरा किंचित हलला. ते बराच वेळ कागद बघत राहिले. मग म्हणाले, "गुरुवारी मला मुरबाडच्या बाजूला जायचंच आहे. एसटीने या. कुपावर भेटू."

गुरुवारी विश्राम त्यांना वर घेऊन गेला. तो आता पन्नाशी ओलांडलेला, पाय थोडा ओढत चालणारा झाला होता. कूप सातकडे जाणारी वाट त्याच जुन्या उतारावरून जात होती. उतारावर आता जास्त खुंट होते, काही जुने, काही ताजे, सगळे कमरेएवढे. सामंत थांबले. त्यांनी मोजायला सुरुवात केली. वही काढली. एकेचाळीस झाले.

"हे सगळं जातं कुठे?" त्यांनी कुणालाच उद्देशून नसल्यासारखं विचारलं.

"दिव्याला. डोंबिवलीला. नव्या बिल्डिंगींच्या चौकटींत," धाकू म्हणाला. "रंग मारला तरी लाकूड वलखतो मी."

तो काही पावलं पुढे गेला आणि एका खळग्याशी उभा राहिला. खुंट कुजून माती आत बसली होती, वर गवत वाळलेलं.

"ह्यातलं एक मीपन घेतलंय साहेब. एकोनसत्तर साली. कुठलं ते ठावं नाय. हेच असंल असं धरून चालतो."

विश्रामने चमकून त्याच्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत त्यालाही हे माहीत नव्हतं. त्याने खांद्यावरचं फडकं काढून तोंड पुसलं. सामंतांनी खळग्याकडे पाहिलं, मग वहीत एक ओळ लिहिली. काय लिहिलं ते धाकूला शेवटपर्यंत कळलं नाही. त्याने विचारलंही नाही.

कूप सात वेगळा दिसत होता. जमिनीलगत कापलेले खुंट, मध्ये मध्ये मुद्दाम राखलेली उंच झाडं. विश्राम खुंटांमधून पायाने पालापाचोळा सारत चालला होता, नंबर पुटपुटत. एकशे बारा. एकशे तेरा. मग तो थांबला.

एकशे चौदाच्या खुंटाला वीतभर धुमारे फुटले होते, चारपाच. सामंतांनी ते बाजूला करताना एक कोवळं पान त्यांच्या बोटांत चुरडलं आणि सागाच्या रसाने बोटं लाल झाली. खाली हातोडीचा शिक्का होता, नंबर होता. आणि खुंटाच्या तोंडावर दोन काळे वाकडे डाग, कागदावरच्यापेक्षा थोडे रुंद.

"डाग असतील. एका डोंगरावर वणवा लागला तर शंभर झाडांना डाग पडतात," सामंत म्हणाले. पण ते गुडघ्यावर बसले होते.

"वनवा दोनदा आलता," विश्राम म्हणाला. "पयला आला तवा मी झोलीत हुतो. आय मला पाठीला बांधून नदीत उभी राह्यली. दुसऱ्यानं माझ्या लग्नाचा मांडव जाळला."

"लग्न कितव्या वर्षी झालं?"

"सतराव्या. आय मोजून सांगायची. मांडव जळला म्हनून साल ध्यानात."

सामंतांनी खिशातून टाचणी काढली. खुंटाच्या तोंडावरची माती फुंकली, चष्मा कपाळावर सरकवला आणि आतल्या डागापासून बाहेरच्या डागापर्यंत एकेक वलय टाचणीने टोचत निघाले. त्यांचे ओठ हलत होते. विश्राम दुसरीकडे बघत होता, जणू ते त्याचंच वय मोजत होते.

सतरा.

त्यांनी पुन्हा मोजलं. मग मनुबाईचा कागद उलगडून त्यावर मोजलं. कोळशाने उमटलेल्या रेषा पुसट होत्या, पण मोजता येत होत्या.

"हे मी बंदरावर लाकडावर परत मोजणार," ते म्हणाले.

"मोजा," धाकू म्हणाला. "अन् राखून ठेवलेली झाडं सोडा. तेंच्यात असे दोन डाग असतीलबी, पन ती उभी हायत. कुपातल्या पडलेल्या झाडांचे खुंट बगा. दोन्ही डाग एका बाजूला असलेला दुसरा सापडला तर लाकूड घेऊन जा."

सामंतांनी खरंच बघितले. दुपार उलटेपर्यंत ते खुंटामागून खुंट तपासत फिरले, उतारावरचे ताजेसुद्धा. दोन डागांचे आणखी तीन सापडले. एकात दोन डाग समोरासमोर होते, दुसऱ्यात एक डाग सालीपर्यंत गेलेला, तिसऱ्याचं खोड आतून पोकळ. एकशे चौदासारखा एकही नाही. तुळसाने त्यांना भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी दिली. बोंबील धाकूनेच आणले होते.

पाच दिवसांनी बंदरावर पठाणाच्या तोंडावर टाचणी फिरली. सगुणा, मोरू, मनुबाई आणि जाळीवाले सगळे गोलाकार उभे होते. सामंत मोठ्याने मोजत होते. सतरावर ते थांबले तेव्हा बाहेरचा डाग टाचणीच्या टोकाखाली होता. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगुणा खाली बसली, एवढंच.

"वर लिहितो मी," सामंत म्हणाले. "आठवड्यात सुटेल. पण धाकू, ह्यापुढे टोक जाळू नका. मी नसेन तेव्हा दुसरा कुणी इतका वेळ देणार नाही. आणि त्याचं चुकणारही नाही."

"बापाची रीत हाय साहेब."

"तुमच्या बापाच्या वेळी उतारावर एकेचाळीस खुंट नव्हते."

धाकूने मान खाली घातली.

लाकूड सुटलं तोवर पठाणाच्या तोंडाला वीतभर लांब तडा गेला होता. तो भाग कापावा लागला. सगुणाची होडी फूटभर आखूड झाली. त्या तुकड्यावर शिक्का नव्हता, म्हणून मनुबाईने तो चुलीत घातला आणि त्यावर भात शिजवला. टोकावर शिजलेला तो शेवटचा भात. होडी नारळी पौर्णिमेला पाण्यात गेली. आखूड असल्याने ती वळणावर जरा झटकन फिरायची, आणि सगुणाचा धाकटा मुलगा म्हणायचा की ही होरी धाकूदादावानी हाय, बुटकी आन् आपल्या मनाची.

त्यानंतर धाकूने सात वर्षांत अकरा होड्या बांधल्या. पठाण मांडायच्या दिवशी टोक कापायचा, पण चुलीत जायच्या फक्त ढलप्या. टोक तो पत्र्यांमागच्या आपल्या घराच्या भिंतीला खिळ्याने ठोकायचा, शिक्का बाहेरच्या बाजूला. जुनी माणसं नाराज झाली. जमिनीचं लोखंड भिंतीवरून होडीकडे बघत राहतं, असं एकाने बोलून दाखवलं. धाकू म्हणाला, "बगू दे."

दर दोन-तीन वर्षांनी तो एसटीने मुरबाडला जायचा. एकशे चौदाच्या धुमाऱ्यांतले विश्रामने दोनच राखले होते. मनगटाएवढे झाले, मग पोटरीएवढे. १९९४ मध्ये धाकूने शेवटची होडी बांधली. बंदरावर फायबरच्या होड्या आल्या होत्या, पांढऱ्या, हलक्या, वास नसलेल्या. दोन वर्षांनी दिल्लीच्या मोठ्या कोर्टाने जंगलतोडीबद्दल कडक हुकूम दिला आणि लाकडाच्या वखारींत कागदपत्रांची धावपळ सुरू झाली. धाकूने ते ऐकलं आणि विचारलं, "विश्रामचा कूप चालू राहील ना?" ते त्याला कुणी सांगू शकलं नाही. त्याच काळजीत तो १९९७ च्या जानेवारीत गेला. छातीत दुखलं म्हणून पत्र्याखाली बसला, तो उठलाच नाही.

मोरूने सगळी धावपळ केली. घरातून बाहेर पडताना त्याचं लक्ष भिंतीवरच्या अकरा टोकांकडे गेलं. उत्तम जुना साग. तो मनुबाईला म्हणाला, "वहिनी, ही दादाबरोबर जाऊ दे. त्याच्या हातची आहेत. जुन्या रीतीप्रमाणे जळतील तरी."

मनुबाईचे डोळे कोरडे होते. "नाय," ती म्हणाली. "होऱ्या पान्यात हायत अजून. उद्या कुनी इचारलं तर काय दाखवशील?"

"आता कोण विचारतंय?"

"तू नाय इचारनार. हे ठावं हाय मना." ती आत गेली आणि हत्यारांच्या पेटीतून रुमालात गुंडाळलेलं ते हातोडीचं डोकं काढून आणलं. गंजलं होतं. "हे घे. तुजं हाय. त्यानं वापरलं नाय."

मोरूने ते घेतलं. त्याच्या केसांत आता पांढरं दिसत होतं. मग तो बंदराच्या टोकाशी चालत गेला आणि त्याने ते खाडीत टाकलं.

स्मशानात बायका सहसा जात नाहीत. मनुबाई गेली. लाकडं रचून झाली होती. तिने जवळ जाऊन एका ओंडक्याच्या तोंडावरून हात फिरवला, नवऱ्यासारखाच, बोटांनी.

"हे कुठलं?" तिने तिथल्या माणसाला विचारलं.

तो आधी गोंधळला. "आई, शिरीष आहे. रस्ता रुंद करताना पाडलेला. नगरपालिकेची पावती आहे माझ्याकडे. दाखवू?"

"दाखव," मनुबाई म्हणाली.

त्याने खोलीत जाऊन पावती आणली. तिला वाचता येत नव्हतं. तिने ती मोरूकडे दिली. मोरूने ती सगळी, तारखेपासून सहीपर्यंत, मोठ्याने वाचली. मग तिने मान डोलवली आणि बाजूला झाली.